गोड दवाखाना, कडू दवाखाना

आमच्या वस्तीत कुणाला दिवस गेले की ते नवऱ्याच्या आधी मला कळतं. यात जादूबिदू काही नाही, मी ब्लाउज शिवते. टेप फिरवली की कळतं. बाई म्हणते, "जरा वजन वाढलंय वो." मी म्हणते, "वजन आधी पोटावर चढतं, छातीवर न्हाई. किती दिवस वर गेले ते सांग." मंग ती दाराकडं बघते, कुणी ऐकत नाही ना याची खात्री करते आणि सगळं सांगते. सांगून झालं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो, कोणत्या दवाखान्यात जाऊ?

जालन्याच्या एमआयडीसीच्या मागच्या बाजूला आमची वस्ती. पुरुष बहुतेक सळईच्या कंपन्यांत, बायका बियाण्याच्या कंपनीत बी निवडायला. मी घरीच असते. पत्र्याची खोली आणि दारात मशीन. मशीन दारात अशासाठी की पत्र्याखाली मला सहन होत नाही. भर थंडीतसुद्धा मधेच अंगातून अशी वाफ निघते की ब्लाउज पाठीला चिकटतो. पत्र्यावर चुना मारा, पत्र्याखाली थर्माकोल लावा, नाहीतर पत्राच बदला, हे बोलून बोलून मी नवऱ्याचे कान किटवले होते.

तर दवाखान्याचं. एकदा दोन शिकलेल्या पोरी वह्या घेऊन वस्तीत आल्या होत्या. बाळंतपणाला, पाळीच्या त्रासाला, पोटातल्या दुखण्याला तुम्ही दवाखाना कसा निवडता, असं विचारत होत्या. अंतर, खर्च, सोयी, असे रकाने आखलेले. मला हसू आलं. अंतर बघून तर आम्ही चक्कीसुद्धा निवडत नाही. आमच्या बायका काय बघतात ते मी सांगितलं. तिथला कंपाउंडर आपल्या वस्तीतला नको, नाहीतर संध्याकाळपर्यंत पाण्याच्या टाकीवर बातमी. पडदा नुसता लावलेला नको, ओढलेला पाहिजे. आत गेल्यावर "ए बाई" म्हणतात का "ताई" म्हणतात. आणि आमच्या आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, नखं बघतात. त्यांची निम्मी हयात भोकरदनकडच्या माळावर मेंढरांमागं गेली. अडलेली मेंढी मोकळी करायची तर हात लागतो हलका आणि नखं लागतात कापलेली. म्हणून दवाखान्यात गेल्या की आधी डॉक्टरीणबाईची बोटं बघायची, लांब नखं दिसली की "चला घरी." त्या पोरींच्या वहीत नखांचा रकाना नव्हता.

वस्तीतल्या बायकांसमोर दोनच दवाखाने असायचे. एक बाजारातला, पांढऱ्या फरशीचा. त्याला गोड दवाखाना हे नाव मीच ठेवलं. पाऊल टाकलं की "या ताई, बसा ताई", गार पाणी, आणि डॉक्टरीणबाई अशी बोलणार की अर्धं दुखणं तिथंच पळतं. दुसरा सरकारी. तिथली मॅडम म्हणजे काय सांगू, तोंडाचा नुसता पट्टा. इतके दिवस काय झोपली होतीस का, आधीच्या गोळ्या का सोडल्या, नवऱ्याला अक्कल नाही का. हे सगळं रांगेतल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात. तो कडू दवाखाना. बायका म्हणायच्या, औषध चांगलं असंल वो, पण शिव्या कोण खाईल? घरी काय कमी मिळतात का?

मी सगळ्यांना गोड दवाखान्यात पाठवायचे. बेधडक. आणि ते काही उगाच नव्हतं. मी एकोणतीस वर्षांची असताना माझी पिशवी तिथंच काढली होती.

पिशवी म्हणजे गर्भाशय. पण गर्भाशय हा शब्द दवाखान्याच्या भिंतीवरच्या चित्राखाली असतो, तोंडात कुणाच्या येत नाही. आमच्यात ती पिशवी. तेव्हा मला पांढरं जायचं आणि कंबर धरायची. गोड डॉक्टरीणबाई माझा हात हातात घेऊन म्हणाली, "ताई, दोन लेकरं झाली ना? मग आता या पिशवीचं काय काम? उद्या आत सडली म्हणजे?" मला बराबर पटलं. मी स्वतः उरलेल्या कापडाच्या पिशव्या शिवून विकते. माल काढून घेतला की पिशवी रिकामी, तिला कोण सांभाळतं? आत्याबाईंनी नखं बघितली, ती छान कापलेली होती. झालं. पाळी गेली, पांढरं गेलं, मी मोकळी. पुढं सात वर्षं ज्या बाईनं विचारलं तिला मी हेच सांगितलं, की आराम पडतो, जा.

मग माझ्या धाकट्या जावेला तसंच दुखणं सुरू झालं.

जाऊ सव्वीस वर्षांची, दोन लेकरांची आई. तिची खोली माझ्या खोलीला लागून, मधे एकच भिंत. ती बियाण्याच्या कंपनीत जाते. दिवसभर उभं राहायचं, त्यात ओटीपोटात कळा आणि पांढरं जाणं. अंग धुऊन धुऊन बेजार झाली होती. मीच म्हटलं, गोड दवाखान्यात जाऊन ये. ती गेली, आणि तारीख घेऊनच आली. सोमवारी पिशवी काढायची. तोंडावर इतका आनंद की जणू माहेरी निघाली. तिची आई रविवारी बदनापूरहून रेल्वेनं येणार होती, लेकीजवळ राहायला.

शुक्रवारी ती माझ्याकडं आली. हातात कपड्याची जुनी पिशवी.

"अक्का, दवाखान्यात न्यायला एक नवी पिशवी शिवून दे. ही फेकून दे, हिचा बंद तुटलाय."

"बंद तुटला म्हणून कुणी आख्खी पिशवी फेकतं का? दे इकडं, टाका मारते," मी म्हटलं.

म्हटलं आणि माझा पाय मशीनच्या पायडलवरच थांबला. माझंच बोलणं माझ्या कानात शिरलं. पिशवी हातात धरून मी तिच्याकडं बघत राहिले.

"तुझ्या पिशवीला नेमकं झालंय काय?" मी विचारलं. "फाटली, सडली, काय म्हणल्या त्या?"

"सूज आहे म्हणल्या."

"मंग सूज उतरवायची का पिशवी कापायची? मागच्या साली दाढेनं तुझा गाल सुजला होता. गाल कापला का?"

"आता असं काय करून राह्यली अक्का? तूच तर पाठवलं. तुझी न्हाई का काढली? आराम पडला, आराम पडला, असं वस्तीभर तूच सांगत फिरती."

मी तुटलेला बंद चाचपत राहिले.

ती रडायला लागली. तिचंही खरं होतं. कंपनीत उभं राहवत नव्हतं, नवरा चिडचिड करत होता, आईची पिशवी काढलेली, मावशीची काढलेली, थोरल्या जावेची काढलेली. हिनं एकटीनं काय म्हणून ठेवायची? मी म्हटलं, "उद्या एकदा कडू दवाखान्यात चल. तिनं काढ म्हटलं तर सोमवारी तुझा डबा मी स्वतः घेऊन येते, एक शब्द बोलणार न्हाई."

"ती बाई सगळ्यांसमोर माझी लाज काढंल."

"लाज काढली तर परत येते. पिशवी काढली तर परत येत न्हाई."

आत्याबाई दाराशी पान कुटत बसल्या होत्या. खाली मान घालूनच म्हणाल्या, "मेंढी गाभण न्हाई राह्यली तरी लोकर देती गं पोरी. जाऊन ये." मी त्यांच्याकडं बघितलं. माझ्या वेळेला हे कुठं गेलं होतं, असं ओठांवर आलं होतं. पण तेव्हा त्यांना तरी कुणी काय विचारलं होतं? नखं सोडून त्यांनी काही बघावं असं कुणाला वाटलंच नव्हतं.

शनिवारी सकाळपासून रांग. आमच्या पुढच्या बाईला मॅडमनं असं झापलं की जाऊ माझा हात सोडून पळायच्या बेतात होती. मी मनगट धरलं आणि आत नेलं. बसल्याबरोबर मी मॅडमची नखं बघितली. कापलेली, आणि एका बोटाला शाई.

"वय?" मॅडम.

"सव्वीस."

"काय होतंय?"

जावेनं खाली बघत बघत सगळं सांगितलं. शेवटी म्हणाली, सोमवारी पिशवी काढायची आहे.

"सव्विसाव्या वर्षी? कोण काढतंय? आणि तू निघाली लगेच, भाजी आणायला निघाल्यासारखी?"

अख्ख्या रांगेनं ऐकलं. जावेचे कान लाल झाले. मॅडम उठली, पडदा ओढला, तोही नीट ओढला, आणि तपासलं. काचेच्या पट्टीवर काहीतरी घेऊन तपासायला पाठवलं. आम्हाला दुपारपर्यंत बसवलं. मग बोलावून म्हणाली, "पिशवीला काय धाड भरलीय? जंतू झालेत. या गोळ्या. आणि या नवऱ्याच्या. दोघांनी घ्यायच्या. तो घेणार नसेल तर तुझ्या गोळ्यांचा काही उपयोग नाही, पुन्हा होईल, आणि पुन्हा तू पिशवी काढायला पळशील."

माझा जीव भांड्यात पडला. आणि जीव भांड्यात पडला की माझी जीभ सुटते. मी म्हटलं, "मॅडम, माझं पण बिलकुल असंच व्हायचं. मी तर पिशवीच काढून टाकली."

मॅडमनं माझ्याकडं पहिल्यांदा नीट बघितलं.

"तुमचं वय किती?"

"छत्तीस."

"कधी काढली?"

"सात वर्षं झाली."

"कशासाठी?"

"पांढरं जायचं."

"आणि?"

"आणि काय? कंबर दुखायची."

तिनं पेन खाली ठेवलं. आता सुरू होणार म्हणून मी पदर आवळून बसले, उलट उत्तरंसुद्धा तयार ठेवली. पण ती ओरडली नाही. हळू आवाजात विचारलं, "अंगातून एकदम गरम वाफा येतात का?"

"पत्र्याचं घर आहे मॅडम, वाफा येणारच."

"थंडीतही येतात?"

मी पदरानं मान पुसली.

"हाडं दुखतात? पाय, मनगटं?"

"मशीन चालवते. दुखणारच की."

"पिशवीच्या दोन्ही बाजूंना अंडाशयं असतात," ती म्हणाली. "बाईच्या अंगाला लागणारा रस तीच तयार करतात, पन्नाशीच्या आसपासपर्यंत. तुमची पिशवीबरोबर तीपण काढली का, ते ऑपरेशनच्या कागदावर असेल. कागद घेऊन या."

सगळ्यांवर ओरडणारी ती बाई माझ्यावर ओरडली नाही.

घरी आल्यावर आधी दिराचं प्रकरण. "मला काय झालंय? मी कशाला गोळ्या खाऊ?" पाय आपटत अंगणात फिरत होता. मी म्हटलं, "भाऊजी, तुमच्या बायकोचं पोट कापायला तुम्ही सोमवारी सुट्टी टाकणार होता. दोन गोळ्या गिळायला सुट्टीसुद्धा लागत न्हाई. पाणी देऊ का?" आत्याबाईंनी तांब्या पुढं केला. गिळल्या गुमान. रविवारी जावेची आई लाडवांचा डबा घेऊन आली, दोन दिवस राहिली, नातवंडांना खेळवलं आणि परत गेली. सोमवारी ऑपरेशन झालं नाही. पुढच्या महिन्यात जाऊ कंपनीत दिवसभर उभी राहून आली आणि आल्यावर मला म्हणाली, "अक्का, आज कळच न्हाई आली." मी मशीन चालवतच "बरं झालं" म्हटलं, कारण वर बघितलं असतं तर डोळ्यांतलं पाणी तिला दिसलं असतं.

माझा कागद काही सापडेना. ट्रंक पालथी घातली. शेवटी गोड दवाखान्यात गेले. या ताई, बसा ताई, गार पाणी. मी पाणी घेतलं नाही. कागद मागितला. काउंटरवरची पोरगी हसत हसत म्हणाली, "सात वर्षांपूर्वीच्या फाईली कशा ठेवणार ताई?" डॉक्टरीणबाईला भेटायचंय म्हटलं तर म्हणाली, मॅडम ऑपरेशनला गेल्यात. ऑपरेशनला म्हटल्यावर माझ्या मस्तकात तिडीक गेली. आत पडद्यामागं कुणाची तरी लेक निजली असणार आणि तिला कदाचित मीच पाठवलं असणार. मी तिथंच मोठ्यानं म्हटलं, "रांगेतल्या बायांनो, कशासाठी कापतेत ते कागदावर लिहून मागा. तोंडानं सांगितलेलं चालत न्हाई." गोड दवाखान्यात त्या दिवशी पहिल्यांदाच कुणाचा तरी आवाज चढला असेल.

कागद सापडला तो जावेचा ब्लाउज कापताना. ब्लाउजचा गोल गळा कापायला मी जाड कागदाचा एक आकार करून ठेवलाय. कापडावर ठेवायचा, खडूनं आखायचं, कापायचं. वस्तीतला प्रत्येक गोल गळा त्याच कागदावरून निघतो. त्या दिवशी तो हातातून खाली पडला आणि उलटा झाला. मागं इंग्रजीत बारीक लिहिलेलं, कोपऱ्यात गोड दवाखान्याच्या नावाचा अर्धा शिक्का. मला आठवलं. ऑपरेशन करून घरी आले तेव्हा फाईलचा कागद चांगला जाड वाटला होता. त्यातूनच गोल गळा कापला, चौकोनी गळा कापला. माझ्या ऑपरेशनवर मी सात वर्षं वस्तीचे गळे आखत होते.

दोन्ही आकार घेऊन कडू दवाखान्यात गेले. मॅडमनं ते टेबलावर एकमेकांना लावले, कडा जुळवल्या, आणि वाचलं. मधला थोडा भाग कापण्यात गेला होता, पण जेवढं लागत होतं तेवढं होतं.

"दोन्ही काढलीत," ती म्हणाली.

"मला कुणी विचारलं न्हाई," मी म्हटलं.

"माहीत आहे."

तिनं हाडांची तपासणी लिहून दिली, गोळ्या दिल्या, दर तीन महिन्यांनी यायला सांगितलं. मी उठले तर मागून ओरडली, "आणि गोळ्या मधेच सोडल्या तर माझ्याइतकी वाईट नाही कुणी!" ते ओरडणं ऐकून मला इतकं बरं वाटलं की सांगता येत नाही.

आताही बायका माप द्यायला आल्या की विचारतात, कुठं जाऊ. मी आता नुसतं दवाखान्याचं नाव सांगत नाही. मी म्हणते, जिथं जायचं तिथं जा, पण गोड बोललं म्हणून भुलू नको आणि खेकसलं म्हणून पळू नको. नेमकं काय झालंय ते विचार. औषधानं बरं होत नाही का ते विचार. पोटातून काय काय काढणार ते कागदावर घे, आणि तो कागद आधी मला आणून दाखव. इंग्रजी मला वाचता येत नाही, पण वाचून कुणाकडून घ्यायचं ते आता मला माहीत आहे. काही जणी ऐकतात. ज्यांना मी आधी पाठवलं होतं त्यांच्याही दारात जाऊन आले. दोघींना वाफा येतात. त्यांनाही वाटत होतं की पत्र्यामुळं.

मॅडमनं कागद वाचला त्या दिवशी मी घरी आले तेव्हा दुपार होती. जाऊ सुट्टीवर होती, माझ्या दारात बसून काजं करत होती. मी आत जाऊन खाली बसले आणि वर बघत राहिले. नवऱ्यानं नुकताच पत्र्याला नवा चुना मारून दिला होता, माझ्या बोलण्याला कंटाळून.

"काय म्हणल्या मॅडम?" जावेनं विचारलं.

"पत्र्याचा काही दोष न्हाई म्हणल्या."

जावेनं सुई कापडात खोचली. ती उठली आणि टेबलफॅन माझ्याकडं वळवून माझ्याजवळ येऊन बसली.